जांभळाचा मध, कोकणातला: चव, रंग, वास आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चैत्र संपत आला की मधाबद्दल तेच तेच प्रश्न यायला लागतात, मुंबई-पुण्याच्या लोकांचेही आणि आपल्या गाववाल्यांचेही, म्हणून इथे एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. हे मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या, सातेरी माशीच्या (ही आपली देशी माशी, पेटीत पाळतात ती) पेटीतून काढलेल्या जांभूळ मधाबद्दल आहे. बाकीचे मध जिथे तुलनेला लागतील तिथे येतील.

जांभळाचा मध म्हणजे मधात जांभळाचा रस घातलेला असतो का?

नाही हो. फळाचा आणि ह्या मधाचा थेट काही संबंध नाही. जांभळाला फळं धरायच्या आधी फुलं येतात ना, बारीक, पांढरट, नुसत्या केसरांचे झुपके, त्या फुलातला मकरंद माश्या आणतात आणि त्याचा मध होतो. फळं येतात मे-जूनमध्ये, मध त्याच्या आधीच काढून झालेला असतो. बाजारात जांभळाचा पल्प किंवा फ्लेवर घातलेला मध सुद्धा मिळतो, जांभळा रंग असतो त्याला, ती वेगळीच वस्तू आहे. जांभळाच्या मधाचा रंग जांभळा नसतोच, तो काळपट तांबूस असतो, बाटली उन्हात धरली की कडेला लालसर झाक दिसते.

मग चव नक्की कशी लागते?

सगळ्यात जास्त आवडीचा प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिल्यांदा खाणाऱ्याला हा मध कमी गोड वाटतो. खरं तर साखर त्यात बाकीच्या मधांइतकीच असते, पण गोडाच्या मागोमाग एक तुरटपणा येतो तो जिभेच्या दोन्ही कडांना आणि टाळ्याला लागतो, आणि अगदी शेवटी, मध गिळून झाल्यावर, घशाशी थोडा कडसरपणा राहतो. हा कडसरपणा बराच वेळ टिकतो. गावातली म्हातारी माणसं विचारतात, "ह्यो मध कडू कित्याक लागता?" तर तो ह्याचमुळे. चांगल्या जांभूळ मधाची ही खूण आहे, दोष नाही. ज्या बाटलीवर जांभूळ लिहिलंय पण जीभ नुसती गोडच होते आणि चव लगेच संपते, त्या बाटलीबद्दल मला तरी शंका येते.

वास पण बघा. झाकण उघडल्या उघडल्या उसाच्या काकवीसारखा एक दाट वास येतो, त्याच्या मागे ओल्या लाकडाचा, आणि थोडासा आंबूस. आंबूस म्हटलं म्हणून घाबरू नका, मध मुळात आम्लधर्मीच असतो, त्याचा पीएच सरासरी ३.९ च्या आसपास. माशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतून येणाऱ्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल तयार होतं, ते सगळ्याच मधात असतं, फक्त हलक्या मधात गोडीखाली झाकलं जातं आणि जांभळाच्या मधात तुरटपणाच्या सोबतीने वर येतं.

तुरट का लागतो, तर मकरंदाबरोबर झाडातली फिनॉलिक द्रव्यं आणि खनिजं थोड्या प्रमाणात येतात. काळपट रंगाच्या मधात ही साधारणपणे फिकट मधापेक्षा जास्त असतात, आणि रंग आणि चव दोन्हीत ती दिसतात.

चव घ्यायची असेल तर एक विनंती. पोळी-भाकरीला लावून नको, दुधात घालून नको, आधी नुसता अर्धा चमचा जिभेवर ठेवा, तोंड मिटा, नाकाने श्वास सोडा. मधाची अर्धी चव वासातच असते आणि ती नाकातूनच कळते. मग थोडं पाणी प्या आणि दुसऱ्यांदा घ्या, दुसऱ्या वेळेला तुरटपणा जास्त स्पष्ट कळतो.

एकाच फुलाचा मध होतो कसा? माश्या काय निवडून जातात?

हो, बऱ्यापैकी निवडून जातात! माशीची सवयच अशी आहे की एका फेरीत ती शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते. आणि भरपूर मकरंद देणारं झाड सापडलं की पेटीत येऊन नाचून बाकीच्यांना दिशा आणि अंतर सांगते, मग पेटीतल्या हजारो माश्या तिकडेच. जांभळाचं मोठं झाड एकदा फुललं की लाखो फुलं एकदम उघडतात, सकाळी झाडाखाली उभं राहिलात तर वरून घोंघाट ऐकू येतो आणि अंगावर केसर गळत असतात. असं झाड जवळ असताना माशी उगाच लांबच्या चार फुलांसाठी कशाला जाईल.

पण अर्धं काम मधपाळाचं असतं, ते लोकांना माहीत नसतं. जांभूळ फुलायच्या आधी वरच्या मधाच्या कोठीतला जुना मध काढून घ्यावा लागतो, रिकाम्या चौकटी परत लावायच्या, फुलोरा चालू असेपर्यंत थांबायचं, माश्यांनी घरांवर मेणाचं झाकण घातलं की मग मधयंत्रात फिरवून काढायचा आणि पुढचं झाड जोरात फुलायच्या आत काढायचा. दोन आठवडे उशीर केला तर करंज, ऐन असलं काहीतरी मिसळायला लागतं. घाई केली तर मध कच्चा. म्हणून वेगळ्या फुलाचा मध वेगळा काढणं हे कष्टाचं काम आहे, आणि बरेच जण त्या भानगडीत न पडता सगळ्या उन्हाळ्याचा एकदम काढतात, तोही मध छानच असतो पण त्याला जांभूळ म्हणू नये.

सातेरी माशी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या परिघात फिरते, म्हणजे पेटी कुठे ठेवली ह्यावरून मध कशाचा हे बरंचसं ठरतं.

म्हणजे शंभर टक्के जांभूळच असतो का?

नाही, आणि कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माशीला कुंपण घालता येत नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात एकपुष्पी, म्हणजे एकाच फुलाच्या मधासाठी अट अशी आहे की त्यात सापडणाऱ्या एकूण परागकणांपैकी निदान ४५ टक्के त्या झाडाचे हवेत. हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात, जांभळाचा परागकण अगदी बारीक आणि त्रिकोणी दिसतो. बाकी काजू, अंजनी, नारळ, करंज काहीही असू शकतं. माझ्या मते त्यात वाईट काही नाही, उलट त्या थोड्याशा बाकीच्या फुलांमुळेच एका गावचा जांभूळ मध दुसऱ्या गावासारखा लागत नाही.

कोकणात हा कधी आणि कुठे मिळतो?

जांभूळ फुलतं साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, जागेप्रमाणे आणि पावसाप्रमाणे मागेपुढे. मध एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत निघतो. सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग, वर आंबोलीकडचा भाग, मग राजापूर, लांजा, संगमेश्वर, सह्याद्रीच्या पायथ्याची गावं, जिथे जुनी झाडं आणि देवराया टिकून आहेत तिथे. देवराईतली जांभळं तर इतकी जुनी आणि उंच की एका झाडावर किती वसाहती पोसल्या जात असतील कोण जाणे. अगदी किनाऱ्याला नारळ-पोफळीच्या वाड्यांत माशीला पराग आणि मकरंद वर्षभर थोडा थोडा मिळत राहतो, पण तिथे निव्वळ जांभळाचा मध निघणं अवघड.

पालघरकडचं बहाडोलीचं जांभूळ फळासाठी प्रसिद्ध आहे, त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण आहे, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण बहाडोली नावाची जात दिलीय. ती मोठ्या फळाची. मधाला मात्र रानटी बारीक जांभूळ सुद्धा तितकंच चालतं, माशीला फळाच्या आकाराशी काय देणंघेणं.

मागच्या वर्षी घेतलेला जास्त काळा होता, ह्या वर्षी फिकट आहे. भेसळ आहे का?

असेलच असं नाही. मध हे पीक आहे आणि पीक दरवर्षी वेगळं येतं. फुलोऱ्याच्या ऐन दिवसांत अवकाळी पाऊस पडला की फुलं झडतात, मकरंद धुतला जातो, मग माश्या जवळपास जे मिळेल त्यावर जातात आणि मधात जांभळाचा वाटा कमी होतो. काही वर्षी जांभूळ फुलतंच कमी. शिवाय मध जुना होत जातो तसा आपोआप गडद होतो, उष्ण हवेत लवकर, त्यामुळे घरात वर्षभर राहिलेली बाटली आणि नवी बाटली शेजारी ठेवून तुलना करू नका.

उलट दरवर्षी, प्रत्येक बाटलीत, अगदी तोच रंग आणि तीच चव येत असेल तर समजा की कुठल्यातरी फॅक्टरीत दहा ठिकाणचे मध एकत्र करून, तापवून, बारीक गाळून एकसारखा केलाय. तो खोटा असेल असं नाही, पण त्याला गाव उरलेलं नसतं.

महाबळेश्वरचा जांभूळ मध आणि कोकणातला, फरक काय?

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथली जांभळं वाऱ्याने खुरटलेली, फुलोरा आपल्यापेक्षा उशिरा, आणि सोबतीला हिरडा, गेळा, अंजनी. खाली कोकणात सोबतीला काजूचा शेवटचा मोहोर, अंजनी, करंज. त्यामुळे वरच्या मधात एक वेगळा जंगली वास येतो, खालचा जास्त दाट वासाचा. मला खालचा आवडतो, पण ते मी इथला म्हणून असेल. महाबळेश्वरला मधाची जुनी परंपरा आहे, खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथे आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. कोकणात तसं नाव झालं नाही एवढंच.

दोडामार्गकडे रबराची लागवड आहे, त्याचा मध ह्यात येतो का?

येऊ शकतो, प्रश्न अगदी बरोबर आहे. रबराची गंमत अशी की माशी फुलावर जातच नाही, कोवळ्या पानांच्या देठाशी ग्रंथी असतात त्यातून गोड रस पाझरतो, तो गोळा करते. केरळात मधाचं मोठं उत्पादन ह्याच रबरावर आहे. पानगळ होऊन नवी पालवी येते ती जानेवारी ते मार्चच्या सुमाराला, म्हणजे जांभळाच्या तोंडावर. रबराचा मध फिकट, लवकर रवाळ होणारा आणि चवीला साधा गोड. तेव्हा रबराच्या मळ्याला लागून पेट्या असतील तर विकणाऱ्याला सरळ विचारा, रबराचा मध आधी वेगळा काढला होता का म्हणून.

कुठल्या माशीचा मध चांगला?

इथे पेटीत राहते ती सातेरी. अंधाऱ्या जागेत, झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत एकापुढे एक समांतर पोळी बांधणारी आपली देशी माशी. वर्षाला एका पेटीतून मध काही किलोच, पण फिरणं जवळचं असल्यामुळे एका फुलाचा मध हवा तर हीच बरी. मेलिफेरा ही बाहेरून आलेली मोठी माशी, मध खूप देते, तिच्या पेट्या ट्रकमधून राज्याराज्यांत फिरवतात, कोकणच्या पावसात तिचं निभावणं कठीण जातं. आग्या माशी झाडाच्या किंवा कड्याच्या टोकाला उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, ती पाळता येत नाही. फुलोरी बारीक, झुडपात. आणि अगदी इवलीशी बिनडंखाची माशी, तिचा मध जेमतेम निघतो आणि चांगलाच आंबट असतो.

आग्याचा मध जंगली म्हणून जास्त भारी, अशी एक समजूत आहे. बऱ्याचदा तो पोळं पिळून काढलेला असतो, म्हणजे त्यात अंडी, अळ्या, पराग, मेण सगळं पिळलं जातं, त्याने चव बिघडते आणि मध लवकर आंबतो, आणि पोळं जाळून, माश्या मारून काढला असेल तर ते मला सहनच होत नाही. आग्याच्या पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून, पिल्लांचा भाग तसाच ठेवून काढायची पद्धत आहे. तसा काढला असेल तर जरूर घ्या.

मध इतका पातळ का? पाणी घातलंय?

कोकणातल्या जवळपास प्रत्येक गिऱ्हाईकाचा हा संशय असतो. सातेरीचा मध मुळात थोडा पातळ असतो आणि समुद्राकाठच्या दमट हवेत माशीला पाणी उडवणं जड जातं. नियमाप्रमाणे मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. मेणाने बंद केलेल्या घरांतलाच मध काढला तर बहुतेक ते जमतं, पण घाईने उघड्या घरांतला काढला तर पाणी २२-२३ टक्क्यांवर जातं आणि मग असा मध आंबतो, वर फेस येतो, झाकण उघडताना फस्स आवाज येतो, चव दारूकडे झुकते. चांगले मधपाळ हातात रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे मधातलं पाणी मोजायचं छोटं यंत्र ठेवतात, एक थेंब टाकला की आकडा दिसतो. विचारायला लाजू नका, आकडा किती आला होता म्हणून.

तळाला साखर बसलीय!

ती साखर म्हणजे ग्लुकोजचे स्फटिक, मधातलीच. ग्लुकोज जास्त असेल तर मध लवकर रवाळ होतो, मोहरीचा मध तर काही आठवड्यांत लोण्यासारखा घट्ट होतो. १४ अंशांच्या आसपास ही क्रिया सगळ्यात वेगात होते म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका. रवाळ मध खायला काहीच हरकत नाही, पातळच हवा असेल तर बाटली कोमट पाण्यात, हाताला सोसेल इतक्याच, ठेवून द्या.

डायबेटिसला जांभूळ मध चालतो ना? आमच्याकडे त्याच्यासाठीच घेतात.

नाही चालत. हे स्पष्ट लिहायला हवं कारण ह्याच एका वाक्यावर हा मध सगळ्यात जास्त विकला जातो आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. १०० ग्रॅम मधात ८० ग्रॅमच्या आसपास साखर असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, एका लहान चमच्यात जवळजवळ ६ ग्रॅम. जांभूळ मधातही तेवढीच. लोकांची गल्लत होते ती अशी की जांभळाच्या बियांची पूड मधुमेहावर द्यायची जुनी पद्धत आहे, मग जांभळाचं काहीही चालेल असं धरून चालतात. पण बी आणि फुलातला मकरंद ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, मकरंद म्हणजे साखरेचं पाणीच. तुरट लागतो म्हणून त्यात साखर कमी आहे असं जीभ सांगते, रक्त तसं मानत नाही. शुगर असलेल्या माणसाने खायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, साखरेत धरून.

मुळात औषध म्हणून विकायची ह्या मधाला गरज नाही. इतकी वेगळी चव असलेला मध आपल्या परसात होतो, तो चवीसाठीच घ्यावा की.

पाण्यात टाकून, काडी पेटवून शुद्धता कळते का?

नाही. पाण्याच्या ग्लासात तळाशी जाणं, कागदावर न पसरणं, काडेपेटीची काडी बुडवून पेटणं, मुंग्या न लागणं, कुत्र्याने तोंड न लावणं, ह्या सगळ्यांतून फार तर मध घट्ट आहे की पातळ एवढंच कळतं. साखरेचा घट्ट पाक ह्यातल्या बहुतेक परीक्षा पास होतो, आणि आपला सातेरीचा खरा मध पातळ म्हणून नापास होतो, केवढा अन्याय! आता भेसळ साध्या पाकाची राहिलेली पण नाही, तांदळापासून केलेलं सिरप वगैरे असतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) ह्या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासायला दिले तेव्हा जर्मनीतल्या एनएमआर चाचणीसकट सगळ्या चाचण्यांत ३ च टिकले. म्हणजे प्रयोगशाळेलाही साध्या चाचणीत न सापडणारी भेसळ, ती काडीने कशी सापडणार.

मग घ्यायचा कसा, ओळखायचं काय?

माणूस ओळखायचा. पेट्या कुठे आहेत, मध कधी काढला, पोळी पिळली की यंत्रात फिरवली, पावसाळ्यात माश्यांना काय दिलं, एवढं विचारा. पावसाळ्यात इथे फुलं नसतात, जून ते सप्टेंबर माश्या उपाशी राहतात आणि साखरेचा पाक द्यावाच लागतो, नाहीतर सातेरी पेटी सोडून निघून जाते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त तो पाक हंगामाच्या आधी बंद व्हायला हवा आणि उरलेला साठा विक्रीच्या मधात यायला नको. जो मधपाळ हे स्वतःहून सांगतो तो बहुधा बाकीचंही खरं सांगतो. आणि काढल्याचा महिना जानेवारी सांगितला तर तो जांभूळ मध नाही, सोपं आहे.

कारवीचा मध आणि जांभळाचा मध, कुठला चांगला?

कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६, २०२४ असा फुलोरा झाला, सह्याद्रीत जागोजागी वर्षं वेगवेगळी. तो मध पावसाळ्याच्या शेवटाला निघतो, दाट असतो. मिळाला तर सोडू नका. पण रोजच्या घरातला म्हणून मी जांभूळच ठेवीन, तो दरवर्षी मिळतो.

कशाबरोबर खावा?

नाचणीच्या भाकरीबरोबर! गरम भाकरी, वर घरचं लोणी, आणि लोणी विरघळल्यावर, भाकरी जरा निवल्यावर, मध. नाचणीची मातकट चव आणि मधाचा तुरटपणा एकमेकांना फार छान धरतात. घावण्यांबरोबर, आंबोळीबरोबर चांगला लागतो, खोबरं आणि हा मध हे जुनं जमणारं नातं आहे, ओल्या खोबऱ्याच्या किसावर चमचाभर घालून बघा. मार्चमध्ये ओले काजूगर असतील तर ते थोडे भाजून त्यावर. कोकम सरबतात साखरेऐवजी घातला तर आंबट, तुरट, गोड सगळं एकदम येतं, मीठ आणि जिऱ्याची पूड मात्र विसरू नका. खरवसावर सुद्धा.

हापूसबरोबर नको, दोन्ही वाया जातात. फणसाच्या गऱ्याबरोबरही नाही, गऱ्याचा वास मधाला पुरून उरतो. चहात घालू नका, चहाचा तुरटपणा आणि ह्याचा तुरटपणा मिळून नुसतं कडू होतं. पंचामृतासाठी हा वापरला तर थोडा काळपट रंग येतो, चालतं, उपवासालाही चालतो.

गरम करू नये म्हणतात ते खरं का?

आयुर्वेदात मध तापवू नये असं सांगितलेलंच आहे. चवीच्या बाजूने सांगायचं तर तापवल्यावर सगळ्यात आधी वास उडतो, त्यातली विकरं निकामी होतात आणि एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं, ज्यावर नियमात मर्यादा घातलेली आहे. काकवीचा वास हवा म्हणून मध घेतला आणि उकळत्या पाण्यात टाकला तर पैसे देऊन काय मिळवलं.

बाळाला चाटवावा का?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे, आजी आग्रह करते, तरीही नाही म्हणा. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाच्या आतड्यात ते काही करू शकत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि ते जिवावर बेततं. मध कितीही शुद्ध आणि घरचा असला तरी हे लागू आहे.

पावसाळ्यात कसा ठेवू?

काचेच्या बरणीत, घट्ट झाकण, कोरडा चमचा, ओट्याच्या उन्हापासून लांब. मध हवेतलं पाणी ओढून घेतो आणि आषाढ-श्रावणात इथली हवा म्हणजे पाणीच. मोठी बरणी सारखी उघडण्यापेक्षा छोट्या बाटल्यांत भरून एकेक उघडा.

एवढा महाग का?

सातेरीची पेटी देते थोडं, हंगाम महिना-दीड महिन्याचा, त्यात अवकाळी. बाकी वर्षभर मेणकिडा, मुंग्या, गांधीलमाशी आणि वेड्या राघूपासून पेट्या सांभाळायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या, त्यानंतर अळ्या मरताना दिसल्या की मधपाळाचं धाबं दणाणतं. आणि जांभळाची जुनी झाडं तुटतायत, रस्त्यासाठी, जळणासाठी, कलमांच्या बागा करायला. एक मोठं झाड गेलं की तेवढा मध त्या गावातून कायमचा गेला.

आमच्या हापूसच्या बागेत पेट्या ठेवल्या तर?

आंब्याला माशी थोडीफार येते, काजूला चांगली येते, पण खरी अडचण फवारणीची. मोहोरावर कीटकनाशकं मारली की त्या दिवशी बाहेर गेलेल्या माश्या परत येत नाहीत, पेटीच्या दाराशी मेलेल्यांचा सडा पडतो. फवारणार असाल तर पेट्या आधी हलवा, निदान संध्याकाळी माश्या आत आल्यावर फवारा आणि शेजाऱ्यालाही आदल्या दिवशी सांगा. जांभूळ मध हवा असेल तर पेटी बागेत न ठेवता जंगलाच्या अंगाला ठेवलेली केव्हाही बरी.

घरच्या घरी एखादी पेटी ठेवता येईल का?

येईल, पण एक नको, दोन ठेवा, एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन सावरता येतं. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं, महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडेही मिळतं, ते केल्याशिवाय पेटी आणू नका. जागा सावलीची, सकाळचं ऊन येणारी, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या म्हणजे मुंग्या चढत नाहीत, आणि पावसाळ्यात वरून पत्रा. सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा म्हणजे जांभूळ फुलेपर्यंत वसाहत भरलेली असते. पहिल्या वर्षी मधाची आशा धरू नका, निघालाच तर माश्यांसाठी पावसाळ्यापुरता मागे ठेवून मगच बाटली भरा.